सासऱ्यांच्या पेटीतले बिननावाचे तुकडे

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. ते वारले, आणि वर्षाच्या आत घरात कार्य झालं नाही तर पुढं तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून माझं लग्न घाईनं उरकलं. मोहोळहून आगगाडीनं मी सोलापुरात आले तेव्हा गावातला मार्शल लॉ उठला होता, पण त्याच्या गोष्टी लोक अजून हळू आवाजात सांगत. सासऱ्यांची आणि माझी जी काही ओळख झाली ती त्यांच्या पेटीतून.

आमचं घर सुताराचं. रस्त्याकडच्या खोलीच्या फळ्या काढल्या की दुकान, लावल्या की घर. आसपास सगळी विणकरांची वस्ती, बहुतेक तेलुगू बोलणारी, आणि घरोघर हातमाग. माग दुरुस्त करायचे, धोटे करून द्यायचे, मोडलेल्या खुंट्या बदलायच्या, असं काम असे. पेटी दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला लागून होती. तिच्यावर सासूबाई वाळवणाचं सूप ठेवत.

माझे वडील शाळेत शिपाई होते, म्हणून मी चार इयत्ता शिकले. शिक्षणाचा दुसरा उपयोग काही झाला नाही, पण एक खोड लागली. एखादी वस्तू कशाची आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. पहिल्या पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली का हे बघायचं निमित्त करून मी ती उघडली.

वरच्या बाजूला नेहमीची हत्यारं होती. रंधा, पटाशा, कानशी. ती मला माहेरच्या गावच्या सुतारामुळं ठाऊक होती. खाली फडक्यात गुंडाळलेले काही तुकडे होते आणि त्यांची मात्र काही केल्या ओळख पटेना. शिसवीचे दोन ठोकळे, प्रत्येकी अर्ध्या विटेएवढे. दोन्हींना मधोमध लाटणं जाईल एवढं भोक. एकाचं भोक आतून गुळगुळीत, दुसऱ्याच्या आत वळसे घेत गेलेले कंगोरे. एक बोटाच्या पेराएवढं लोखंड, मधे दुमडलेलं, दुमडीला धार. एक गंजलेला, मोडका, लोखंडी तुकडा, त्याच्याही अंगावर वळसे. आणि हातभर लांबीची लाकडी दांडी. दांडीच्या मधे चौकोनी भोक, एक बाजू गोल आणि सरळ, दुसरी बाजू आखूड, जाड, तिच्यात एक वाकडी खळगी. मी ती हातात धरून पाहिली. माझी बोटं तिच्यात कुठंच बसेनात. करता करता बिघडलेली वस्तू असावी असं मला वाटलं.

शेजारच्या बायांना दाखवलं. एक म्हणाली, ठोकळे चकल्या पाडायचे आहेत. दुसरी म्हणाली, धारेचं लोखंड करंज्या कातायचं. मी तिला करंजी कातून दाखव म्हटलं, तर ती रागावली. सासूबाईंना विचारलं.

"असंल कायतरी. पुरुषांच्या वस्तूंचं आपल्याला काय करायचं?"

दांडी मात्र मी ठेवून घेतली. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्यानं आपटे, तिला अडकवायला ती चांगली उपयोगी पडली. पुढं तीनएक वर्षं ती दांडी माझ्या खिडकीत होती.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी तुकड्यांबद्दल एकदाच विचारलं. हे म्हणाले, "पेटी बंद कर." आवाज चढला नव्हता, पण मी पुन्हा विचारलं नाही.

कारण हळूहळू कळलं. ह्यांच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. लहानपणी दुकानात खेळताना वाकस हातावर पडला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, सुताराच्या घरात त्याचा मान पहिला. तेव्हापासून हे डावा हात पंच्याखाली ठेवत. लग्नानंतर कितीतरी दिवस मी तो हात नीट पाहिलाच नव्हता. जेवताना मांडीखाली, चालताना पंच्याखाली. काम करताना मात्र तीन बोटं सगळ्यांची कामं उरकत आणि मग लगेच लपत.

त्या अपघातानंतर सासऱ्यांनी ह्यांना मोठं काम कधी दिलं नाही. धोटे कर, पाट कर, खुंट्या कर. आणि सासऱ्यांचं नाव होतं ते एकाच कामासाठी. विणकर लोक साड्या विणून झाल्या की घड्या घालून त्या दाबात ठेवत. दोन उभे खांब, वर जाड तुळई, तुळईतून खाली उतरणारा लाकडी स्क्रू. तो फिरवला की खालची फळी घड्यांवर दाबून बसते. हा स्क्रू लोखंडाचा चालत नसे. खळ दिलेल्या ओलसर कापडाला गंजाचा डाग पडला की साडी वाया. लाकडावर आटे पाडणारे सासरे आमच्या भागात एकटेच होते, आणि ते काम ते दुकानाच्या फळ्या लावून, आतून कडी घालून करत. मुलालाही आत घेत नसत.

ते गेले आणि दाबाची कामं बंद झाली. गिऱ्हाईक येई, विचारी, आणि हे मान हलवून नाही म्हणत. ह्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. बापानं विद्या मुद्दाम सोबत नेली, कारण थोट्या हाताच्या मुलाला ती द्यायच्या लायकीचं समजला नाही. हे ह्यांनी मला असं सरळ कधी सांगितलं नाही. पण दाबाचं गिऱ्हाईक परत गेलं की त्या दिवशी हे जेवताना मीठ जास्त झालं, भाकरी करपली, असं काहीतरी काढत. स्वयंपाक रोजचाच असे.

लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तेव्हा दुकान नावाला उरलं होतं. एका गिरणीच्या सुतारखात्यातल्या मुकादमानं ह्यांना बोलावणं पाठवलं. दसऱ्यानंतर या, जागा आहे. पेट्या ठोकायच्या, भोंग्याला जायचं, भोंग्याला यायचं. हे म्हणाले, बघू. पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून जाणार हे मला कळलं. सासूबाईंनाही कळलं. दुकानाच्या फळ्या त्या दिवशी त्यांनी स्वतः पुसल्या.

नवरात्राचे घट बसले आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी एक म्हातारे विणकर दारात आले. सासऱ्यांचे जुने गिऱ्हाईक. मागून हातगाडीवर दाबाची तुळई होती, भोकापाशी उभी चिरलेली. स्क्रू त्यांनी काखेत धरला होता.

"तुमचा बाप केलेला हाय हा," ते म्हणाले. "तुम्हीच करा आता. लोखंडाचा मिळते, पण मला नको. कापडाला डाग पडते."

हे नेहमीप्रमाणं मान हलवायला लागले. तेवढ्यात मी पुढं झाले. परपुरुषासमोर असं पुढं होणं बरं दिसत नाही हे मला ठाऊक होतं, पण स्क्रूच्या अंगावरचे ते वळसे मी ओळखले होते. मी म्हटलं, "ठिवून जावा. दसरा झाला की सांगतो." म्हातारे ह्यांच्याकडं बघत राहिले. हे माझ्याकडं बघत राहिले. शेवटी म्हातारे तुळई आणि स्क्रू ठेवून गेले.

"तू कोन सांगनार?" हे म्हणाले.

मी पेटी उघडली, वळशांचा ठोकळा काढला आणि स्क्रूचं टोक त्याच्या भोकात धरून फिरवलं. ते आत शिरलं. फिरवत गेले तसं सरकत गेलं, जराही अडलं नाही, आणि पलीकडून बाहेर आलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले.

हे हसले नाहीत. पण त्यांनी ठोकळा माझ्या हातातून घेतला. मग दुसरा घेतला. एकाच्या अंगावर दोन बारीक खुंट्या होत्या, दुसऱ्याला तेवढीच भोकं. दोन्ही एकमेकांवर दाबले तर एकजीव झाले. मधे एक खाच राहिली. त्या खाचेत काय बसेल हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती. करंज्या कातायचं लोखंड मी पुढं केलं. ते बसलं, एक पाचर मारल्यावर पक्कं झालं.

त्या दुपारी ह्यांनी बाभळीचा एक गोल दांडा तासला, तेल लावलं, गुळगुळीत भोकातून आत घातला आणि फिरवू लागले. पलीकडून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर आटे होते. पहिले फाटलेले, पुढचे नीट. हे कितीतरी वेळ त्या दांड्यावर अंगठा फिरवत बसले. डावा अंगठा. पंचा कुठं पडला होता ह्याची शुद्ध नव्हती.

मग त्यांनी तो गंजलेला मोडका तुकडा उचलला. वळून वळून पाहिला आणि खाली ठेवला.

"बाहेरचे आटे झाले," हे म्हणाले. "तुळईच्या भोकात आतून आटे कशानं पाडायचे? त्याचं लोखंड असतंय. हे त्याचं मोडलेलं टोक हाय. बाकीचं न्हाय."

"घरातच असंल की कुटंतरी."

"न्हाय. दादांनी अर्धं ठिवलं, अर्धं घिऊन गेले. मला जमू नये म्हनूनच." वडलांना हे दादा म्हणत. मग पंचा शोधून त्यांनी खांद्यावर टाकला. "मुकादमाला सांगतो, येतो म्हनून."

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं.

मी तो मोडका तुकडा फडक्यात गुंडाळत होते. अंगठ्याखाली ते वळसे लागले आणि मला वाटलं, हे माझ्या बोटांनी कुठंतरी धरलेलं आहे. डोळ्यांना आठवेना, हाताला आठवत होतं. आठवलं ते संध्याकाळी, देवापाशी दिवा लावताना.

आमच्या देवघरात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, खंडोबाचा आणि देवीचा टाक होता, अन्नपूर्णा होती, आणि एका बाजूला शेंदूर फासलेला एक देव. वीतभर उंच, खाली जाड, वर निमुळता. तो सासूबाईंचा खास. बाकीच्या देवांना मी आंघोळ घालत असे, ह्याला त्या स्वतः तेल-शेंदूर लावत. घट बसायच्या आधी देव उजळायला काढले तेव्हा त्यांच्या हाताला कळ आली म्हणून तो क्षणभर मी धरला होता. शेंदराच्या पुटाखाली काहीतरी वळसे घेत वर गेलेलं होतं. मला वाटलं होतं, नाग असेल.

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, ह्यो द्येव आपल्यात कदीपास्नं हाय?"

त्या वाती वळत राहिल्या. वळता वळताच सांगू लागल्या.

सासरे शेवटच्या वर्षी खोकल्यानं अंथरुणाला खिळले होते. हे दिवसभर विणकरांच्या घरी मागांच्या कामाला जात, आणि इकडं सासरे खाटेवर बसून कानशीनं एक लोखंड घाशीत. खोकला आला की थांबायचे, पुन्हा घासायचे. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणायचे, बघशील की. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली तेव्हा ते लोखंड त्यांनी उशाखालून काढून दिलं आणि पाटावर सगळ्यांच्या वर ठेवायला लावलं, वाकसाच्याही वर.

"वाकसाच्या वर त्यांनी कदी काय मांडलं न्हवतं," सासूबाई म्हणाल्या. "त्याला ना धार, ना मूठ. हत्यार कसं म्हनायचं? अंगावर नाग चढल्यागत दिसत हुतं. मी म्हनलं, जाता जाता घराला द्येव करून दिला."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, सासऱ्यांनी मुलाला हाक मारायला सांगितलं. मुलगा आपट्याची पानं आणायला गेला होता. तो परत येईपर्यंत सासरे गेले होते. पाटावरचं ते लोखंड सासूबाईंनी उचलून कोनाड्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला शेंदूर लावायला सुरुवात केली.

मी सांगितलं, मला काय वाटतं ते. दुकानातून मोडका तुकडा आणून दाखवला. सासूबाईंनी तो हातात घेतला नाही.

"द्येव बसल्यात," त्या म्हणाल्या. "घट हायेत तवर हात लावायचा न्हाय."

"घट उठल्यावर?"

"घट उठल्यावर बी न्हाय. शेंदूर खरवडत असत्यात व्हय? आपला आपन सुटला तर सुटला." आणि माझ्याकडं न बघता, "माझ्याकडं त्यांचं दुसरं काय बी न्हाय."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या बाजूनं वाटलं. ह्यांना सांगावं तर माय-लेकरांत उभं राहिल्यासारखं होणार. मी गप्प बसले. घरात घटाचं धान उगवून वर येत होतं, सकाळ-संध्याकाळ माळा चढत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या शेजारी ते लोखंड शेंदरात बसून होतं. मी रोज हात जोडत असे. कुणाला जोडते आहे हे मला नीट सांगता आलं नसतं. हे तर देवघराकडं लांबूनच नमस्कार करणारे. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. मुकादमाला होकार देऊन आले आणि आपली थोडीशी हत्यारं एका पोत्यात वेगळी काढून ठेवली.

खंडेनवमीला मी अंगण सारवून आत आले तर कोनाड्यातला देव जागेवर नव्हता. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. समोर वाडग्यात कोमट तेल, आणि तेलात तो देव. त्या बोटानं हळूहळू शेंदूर सोडवत होत्या. मोठमोठे पापुद्रे सुटून तेलात पडत होते. मी शेजारी बसले. त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"गेलेल्या मानसावर चोरीचा आळ नको," त्या एवढंच म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "त्यांच्या लेकानंच हातात घ्यावा, दुसऱ्या कुनी न्हाय."

शेंदूर निघाला. त्या ते लोखंड पदरानं पुसत पुसत दुकानात घेऊन गेल्या. हे पाटावर हत्यारं मांडत होते. सासूबाईंनी ते ह्यांच्यापुढं धरलं आणि कुठं होतं ते सांगितलं. हे आधी आईकडं बघत राहिले, मग लोखंडाकडं. उजेडात नेऊन फिरवून पाहिलं. तेलामुळं त्याला गंज चढला नव्हता. वळशांच्या कडांवर कानशीचे ओरखडे जसेच्या तसे होते.

"ह्ये चाललेलंच न्हाय," हे म्हणाले. "एका बी लाकडात गेलेलं न्हाय. नवं हाय."

जुनं मोडलं होतं. खोकल्यानं जीव जात असलेल्या माणसाला स्वतःसाठी नवं करायचं कारण नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, ह्यांच्याही आलं असेल, पण ह्यांची गाठ अजून सुटली नव्हती. हे लोखंडाचा वरचा चौकोनी शेंडा बघत होते. "ह्याला मूठ पायजे," हे म्हणाले. "आडवी. दोन्ही हातांनी पिळायची. ती करावी लागंल."

चौकोनी शेंडा मला दिसला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. खिडकीत अडकवलेली दांडी काढली. खिडकी आपटली. तीन वर्षांच्या धुरानं दांडी काळी झाली होती. दुकानात येऊन मी ती ह्यांच्या हातात दिली. चौकोनी शेंडा चौकोनी भोकात एका दाबात बसला.

ह्यांनी उजवा हात गोल बाजूवर ठेवला. मग डावा दुसऱ्या बाजूवर, त्या आखूड, जाड, बिघडलेल्या बाजूवर. तीन बोटं वरून पुढं गेली आणि जिथं दोन बोटं नव्हती तिथला तळव्याचा गड्डा त्या वाकड्या खळगीत जाऊन बसला. दाबून बसवावा लागला नाही. खळगी त्याच मापाची होती. जगात दुसऱ्या कुठल्याही हातात ती दांडी बसली नसती, म्हणूनच ती मला बिघडलेली वाटली होती.

हे गिरणीत गेले नाहीत हे सांगून टाकते. दसऱ्याला नव्या तुळईला भोक पाडलं, तेल सोडलं, आणि ती मूठ पिळत पिळत आतले आटे पाडले. पहिली तुळई फुकट गेली, दुसरी नीट झाली. पुढं दाबाची कामं सासऱ्यांच्या वेळी येत तशी कधी आली नाहीत. पण दुकानाच्या फळ्या रोज निघाल्या, आणि दाबाचं काम असलं की हे त्या मुद्दाम उघड्या ठेवत. जाणारा-येणारा उभा राहून बघे.

त्या खंडेनवमीला मात्र हे नुसते मूठ धरून बसले होते. मी हळदकुंकू घेऊन रंध्याला, करवतीला, वाकसाला लावत आले आणि ह्यांच्यापाशी थांबले. सासूबाई आतून तेलाचं वाडगं घेऊन आल्या. त्यात सुटलेला शेंदूर होता. तो त्यांनी टाकला नव्हता. त्यांनी बोट बुडवलं आणि लोखंडाला एक टिकली लावली. मुठीला लावली. मग तेच बोट ह्यांच्या डाव्या हाताला, जिथं बोटं नव्हती तिथं लावलं.

ह्यांनी हात पंच्याखाली घेतला नाही.